टॅब, मग एंटर

७ ऑक्टोबर

झुझानाला टॅब हवा आहे. सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बोराकाका, 'अंबार' माझ्या मशीनवर टॅब घेत नाही हो." सूपमध्ये मीठ नाही असं वेटरला सांगावं, तसा सूर. 'अंबार' म्हणजे आमच्या कंपनीचं हत्यार, मी लिहिलेला प्रोग्रॅम, धान्याच्या कोठारांवर नजर ठेवणारा.

ही पेत्रोवाक गावची स्लोवाक मुलगी सप्टेंबरात आमच्याकडे लागली. मुदतीवर आहे, पंधरा नोव्हेंबरपर्यंत. तिला नवं मशीन दिलंय गॉयकोने. चकचकीत, पातळ, पावाला लोणी लावायला बरं. त्यात बॅश नाही, झी-शेल आहे. हल्लीच्या पोरांना तोच आवडतो. रंगीत असतो ना.

गॉयको आमचा मालक. विकण्यात पटाईत, बाकी शून्य. तो मध्येच आला आणि म्हणाला, "बोरा, शेल म्हणजे नक्की काय रे?" इतकी वर्षं माझ्या कामावर जेवतोय हा माणूस. मी सांगितलं, "तू टाइप करतोस ते वाचून मशीनला सांगणारा दुभाष्या. माझा दुभाष्या बॅश. हिचा झी-शेल. दोघं जवळजवळ एकच भाषा बोलतात."

"जवळजवळ म्हणजे?"

"तुझ्या सासूची सर्बियन आणि तुझी, तेवढं."

"मग करून टाक ना तिला," म्हणाला आणि गेला. करून टाक. जणू शर्टाचं बटण शिवायचंय.

९ ऑक्टोबर

करून टाकलं. माझी बॅशची फाइल घेतली, नक्कल केली, वरची एक आणि खालची एक ओळ बदलली. अर्धा तास. त्या शेलची कागदपत्रं वाचायची म्हणजे चारशे पानं, आणि इतकं वाचून आयुष्य वाया घालवणारा मी नव्हे.

'अंबार'ची टॅबची स्क्रिप्ट ही माझी सगळ्यात जुनी आणि लाडकी चीज आहे. अर्धा शब्द लिहा, टॅब दाबा, उरलेला ती पुरा करते. दोन-तीन शब्द शक्य असतील तर यादी दाखवते. एकच शक्य असेल तर विचारत बसत नाही, लिहून मोकळी होते. 'नक्की का?' वगैरे प्रश्न मी 'अंबार'मधून कधीच काढून टाकले. कामाच्या माणसाला असं विचारणं हा अपमान आहे.

चाचणीही घेतली. मी काही अडाणी नाही. झी-शेल उघडला आणि चाचणीची फाइल त्यात चालवली. सगळं हिरवं. या फाइलच्या पहिल्या ओळीत 'मला बॅशने वाचावं' असं लिहिलंय, ते मी कंपनीच्या सुरुवातीला लिहिलं तसंच आहे, त्याला हातही लावावा लागला नाही. नीट लिहिलेलं असं टिकतं.

झुझाना म्हणाली, "थँक्यू, काका." केकचा तुकडा घेऊन आली होती, खसखशीचा. केक बरा होता.

१६ ऑक्टोबर

माझी बायको ल्युबिंका म्हणते मी घरीही सगळ्यांना मूर्ख समजतो. मी म्हटलं, घरी आपण दोघंच आहोत. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

२१ ऑक्टोबर

झुझानाने 'ग्लावना' पुसला.

आमच्याकडे माहितीचे दोन साठे आहेत. 'ग्लावना' म्हणजे मुख्य, खरा. 'प्रोबा' म्हणजे सरावाचा. सहकारी संस्थांच्या सायलोंमध्ये, म्हणजे धान्याच्या उंच कोठ्यांमध्ये, आमचे सेन्सर आहेत, कुठला मका किती तापला ते आकडे 'ग्लावना'त येतात, आणि आकडा वर गेला की तिथले पंखे सुरू होतात. प्रोबा आठवड्यातून एकदा पुसायचा असतो. तिने त्याऐवजी ग्लावना पुसला. ओला मका भरायचे दिवस, आणि या दिवसांत.

तिबोर, आमचा सर्व्हरवाला, कालच्या नकलेवरून परत उभं करतोय. तोवर पंखे आंधळे.

पोरगी पांढरीफटक. "काका, मी ग्लावना लिहिलंच नाही. मी 'अंबार पुसा' लिहिलं, टॅब दाबला, आणि त्याने स्वतःच लिहिलं."

"मशीनने."

"हो."

"आणि एंटर? तोही मशीनने दाबला?"

मी विचारलं, "वाचलंस का समोर काय लिहिलंय ते?" रडली नाही, हे एक बरं झालं. रडणाऱ्यांचं काय करायचं मला कळत नाही.

२३ ऑक्टोबर

सगळं परत उभं राहिलं, पण एका संस्थेचा एक सायलो मधल्या वेळात तापला. टिसा नदीकाठच्या त्या संस्थेचा अध्यक्ष स्रेतेन, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. फोनवर इतका मोठ्याने बोलत होता की गॉयकोने फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मक्याला बुरशीचा वास येतोय, डुकरंसुद्धा तोंड फिरवतील, वगैरे.

गॉयको म्हणाला, "बोरा, मला एकच सांग. हत्यार चुकलं की हात? हत्यार चुकलं तर मी तिला ठेवतो. हात चुकला तर पंधराला निरोप. तू म्हणशील ते."

"हात," मी म्हटलं.

"बघून सांग."

"बघायचं काय? चाचणी हिरवी आहे."

तिबोर बाजूला सँडविच खात होता. तोंडात घास ठेवून म्हणाला, "तिच्या मशीनवर तिच्या शेलमध्ये एकदा टॅब दाबून बघितलास का?" तिबोर हा असा माणूस आहे की आगीचा बंब आला तरी पाण्याला विचारेल, तू ओलं आहेस ना.

२७ ऑक्टोबर

आज जेवणाच्या सुट्टीत झुझाना आली, मशीन हातात घेऊन, ट्रे धरतात तसं. "काका, एकदा तुम्ही दाबा ना. फक्त टॅब. एंटर नाही."

मी सांगितलं की त्या शेलला मी हात लावत नाही. मी गंमतीत म्हणालो होतो. तिला ती कळली नाही.

"माझे बाबा म्हणाले होते, हिवाळ्याच्या आत परत येशील," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, बघाच. इथे खोली घेतलीये, शेगडीसुद्धा घेतलीये." मग म्हणाली, "माझा हात चुकला असेल तर मी जाईन. पण चुकला का ते मला कळायला नको?"

शेगडीचं मला का सांगतेस, असं विचारणार होतो. विचारलं नाही. नंतर माझं सूप गार झालं.

या पिढीला एक सवय आहे, आपल्या चुकीला कारण लागतं. आम्ही चुकलो की शिव्या खायचो आणि पुढे जायचो. अर्थात आम्ही फारसे चुकत नव्हतो.

२९ ऑक्टोबर

गॉयकोला सांगितलं, उद्या सगळ्यांसमोर करून दाखवतो, तिच्याच मशीनवर, तिच्याच शेलमध्ये, म्हणजे ही कटकट कायमची मिटेल. गॉयको खूश. त्याला तमाशा आवडतो. मलाही थोडा आवडतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

३० ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

मोठ्या खोलीत चौघं. तिचं मशीन भिंतीवरच्या पडद्याला जोडलेलं. तिबोर म्हणाला, "थांब, आधी हे नकलेकडे वळवतो, खऱ्यापासून तोडतो."

मी म्हटलं, "कशाला? मी काय मुदतीवर आहे?"

"बारा सेकंद लागतील," म्हणाला, आणि वळवलंच.

मग मी बोलायला लागलो. मला बोलायला येतं. मी सांगितलं की हत्यार बोथट असतं तेव्हा माणूस सावध असतो, हत्यार चांगलं असतं तेव्हा माणसाने शहाणं असावं लागतं. सांगता सांगता 'अंबार पुसा' लिहिलं. माझं तोंड गॉयकोकडे होतं. "इथे आता दोन नावं येतील," मी म्हणालो, "ग्लावना आणि प्रोबा, आणि डोळे असलेला माणूस निवडेल." टॅब दाबला. माझा हात टॅबनंतर एंटर दाबतो. वर्षानुवर्षं दाबतो. त्याला मी काही सांगितलेलं नसतं.

गॉयको माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता. मी पडद्याकडे वळलो. तिथे लिहिलं होतं: अंबार पुसा ग्लावना. आणि त्याखाली: पुसलं.

तिबोर म्हणाला, "नक्कल होती," आणि दुसरं सँडविच उघडलं.

झुझाना हसली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त खुर्ची मागे सरकवली आणि पडद्याजवळ जाऊन ती ओळ वाचली, जणू आपल्याला वाटलं होतं तेच आहे ना याची खात्री करत होती.

३१ ऑक्टोबर

कारण सापडलं. इतकं फालतू आहे की लिहायची लाज वाटते.

बॅश यादी शून्यापासून मोजतो. झी-शेल एकापासून मोजतो, भाजीवाल्यासारखा. माझी ओळ म्हणते: शून्य नंबरचं नाव दे, एक नंबरचं दे. बॅशमध्ये ती ग्लावना आणि प्रोबा. झी-शेलमध्ये शून्यावर कोणीच नाही, एकावर ग्लावना, आणि प्रोबा बसलाय दोनवर, त्याला कोणी बोलावलंच नाही. म्हणजे यादीत एकच नाव उरलं. एकच उरलं की माझी स्क्रिप्ट विचारत नाही, लिहून मोकळी होते.

आणि चाचणी? ती झी-शेलमधून चालवली तरी पहिल्या ओळीमुळे बॅशनेच वाचली. म्हणजे मी बॅशला विचारलं की बॅश ठीक आहे का, आणि तो हो म्हणाला.

एकापासून मोजणारा शेल बनवणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते या वहीत मावणार नाही.

१ नोव्हेंबर

गॉयकोने दार लावून घेतलं. मला वाटलं, आता मला ओरडेल. तो उलट गोड झाला, आणि तो गोड झाला की खिसा सांभाळावा.

"हे त्या खोलीतच राहू दे," म्हणाला. "स्रेतेनला मी सांगून बसलोय, नवी मुलगी होती, चुकली, जाणार आहे. तो शांत झालाय. आता त्याला जाऊन सांगू, आमचं हत्यारच बिघडलेलं होतं? वीस संस्था तेच हत्यार वापरतात रे. पोरीला दुसरीकडे मिळेल. तरुण आहे."

"मग मी काय करू?"

"काही नाही. दुरुस्त कर आणि गप्प बस. नवीन पोरांकडून होतात असल्या चुका, सगळ्यांना पटतं."

मी दुरुस्त केलं. एक ओळ. गप्पही बसलो. पण त्याचं ते वाक्य दिवसभर दाताखाली येत राहिलं. असल्या चुका. नवीन पोरांकडून.

४ नोव्हेंबर

झुझाना माझ्याशी नेहमीसारखी बोलते, हे जास्त त्रासदायक आहे. आज तिने टेबलाचा खण रिकामा केला. ल्युबिंकाला सगळं सांगितलं. ती कोबीची पानं सोलत होती. म्हणाली, "म्हणजे चूक तुझी, आणि जाणार ती."

"इतकं साधं नाही ते."

"बरं. मग साधं नाही ते सांग."

मी शून्य आणि एकाचं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान. आता पोरीचं सांग." बायकांना तांत्रिक गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

८ नोव्हेंबर

आज मित्रोवदान, स्रेतेनच्या घरची स्लावा. घराच्या संताचा दिवस असल्यावर कोणी बोलावत नाही, ज्याला जायचं तो जातो, आणि जो जात नाही तो का आला नाही याची वर्षभर चर्चा होते. म्हणून गॉयको वाइनची बाटली घेऊन निघाला आणि मला बरोबर घेतलं. "तू फक्त खा," म्हणाला.

दारात शिजवलेल्या गव्हाचं ताट. एक चमचा गहू, क्रॉस, मेणबत्तीला नमस्कार, मग टेबल. सूप, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेला सार्मा, भाजलेलं डुक्कर. पंचवीसेक माणसं, निम्मी दुसऱ्या संस्थांची, म्हणजे आमचीच गिऱ्हाइकं. सार्मापर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मग स्रेतेन माझ्याकडे वळला. म्हातारा वाईट नाही. माझा पेला भरला आणि टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, ऐकलं ती पोरगी जातेय. बरं झालं. बटण चुकीचं दाबलं म्हणे. लेकीनं तुमच्या इतक्या वर्षांच्या कामावर पाणी ओतलं."

गॉयको लगेच, "नवीन होती, काका. होतं असं."

आणि माझं डोकं फिरलं.

"नवीन पोरीला हे जमलं असतं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ही चूक करायला आधी दोन शेल यायला पाहिजेत आणि दुसरा शिकायची लाज वाटायला पाहिजे. स्वतःची चाचणी स्वतःलाच फसवेल अशी लिहायला पाहिजे. तिला कुठलं येतंय एवढं? दीड-दोन महिने झालेत तिला. ती चूक माझी आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत माझी. तिनं फक्त टॅब दाबला. मी त्याच खोलीत तिच्याच मशीनवर दाबला, तर मीही तुमचा मका पुसला. नक्कल होती म्हणून तुम्ही आज सार्मा खाताय."

गॉयको माझ्या गुडघ्याला गुडघा मारत होता, टेबलाखाली, लहान पोरासारखा.

स्रेतेनने बाटली खाली ठेवली. मग विचारलं, "मग ती का जातेय?"

"ते यांना विचारा," मी म्हटलं, आणि डुकराचा तुकडा वाढून घेतला. डुक्कर उत्तम होतं. परत येताना गॉयकोने पुलावर गाडीतला रेडिओही बंद केला.

मी हे कोणासाठी केलं नाही. माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलेलं मला चालत नाही, एवढंच.

११ नोव्हेंबर

दोन संस्थांनी फोन करून विचारलं की आमचं हत्यार धड आहे का. स्रेतेननेही केला. त्याने हत्याराचं विचारलं नाही, पोरीचं विचारलं. गॉयकोने तिला कायम केलं. करायला लागलं.

मग मला बोलावलं. "अंबार आता तिच्याकडे," म्हणाला. "तू सल्ला देशील."

"सल्ला."

"तूच पंचवीस माणसांसमोर म्हणालास ना, तुझी चूक म्हणून? मग लोकांना दिसायला नको का, काहीतरी बदललं ते?"

त्याचं बरोबर आहे, हे त्याच्या बाबतीत कधीतरी होतंच.

झुझाना दुपारी आली. "काका, तुम्ही तिथे म्हणालात, मला एवढं येत नाही म्हणून."

"येत नाही."

"तुम्ही माझी बाजू घेतलीत की मला शिव्या दिल्यात, तेच कळत नाहीये."

"मलाही," मी म्हटलं. ते खरं आहे.

१७ नोव्हेंबर

तिचा 'अंबार'मधला पहिला बदल आज माझ्या संमतीसाठी आला. आता मी तिला संमती देतो.

मला वाटलं होतं रंग घालेल. किंवा झी-शेलची नवी फाइल लिहील. तसं काही नाही. तिने 'पुसा' या कमांडसाठी टॅब काढूनच टाकलाय. बॅशमधूनही, झी-शेलमधूनही. बाकी सगळीकडे आहे. पुसायचं असेल तर नाव हाताने लिहायचं, पूर्ण, अक्षर अक्षर. आतून पाच ओळी गेल्या, एकही आली नाही.

लोकांना हाताने लिहायला लावायचं. या काळात. मी ज्या कामात केस पांढरे केले ते काम म्हणजे हाताने लिहायला लागू नये. मी तिच्या बदलाखाली हरकतींची यादी करायला घेतली. पहिली हरकत लिहिली, खोडली. दुसरीही.

मग म्हटलं, आधी करून तर बघू. माझ्या मशीनवर, माझ्या बॅशमध्ये, सरावाचा साठा पुसायला घेतला. 'अंबार पुसा' लिहिलं, टॅब दाबला. काही आलं नाही. परत दाबला. कर्सर नुसता उघडझाप करत होता. माझा एंटरवाला हात हवेत राहिला, त्याला काय करावं ते कळेना. शेवटी लिहिलं, प्रो-बा, आणि लिहिताना ते नाव वाचावं लागलं. ते पुसताना मी ते कधी वाचत होतो, आठवायला गेलो, आठवलं नाही.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिसरी हरकत शोधत बसलो. खिडकीतून दिसलं, झुझाना खाली अंगणात कोणाला तरी फोनवर सांगत होती, हसत होती, दुसऱ्या हाताने शेगडीएवढं काहीतरी हवेत मापून दाखवत होती.

मी बदलाखाली 'मान्य' लिहिलं आणि सूप घ्यायला गेलो.